मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय, गळती सापडत नाही

कर्वेनगरकर:
अर्जंट आहे. दीड महिना झाला, गाडीचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतंय. दर आठ दिवसांनी अर्धा लिटर घालावं लागतं. पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही. रेडिएटरचं झाकण बदललं, वरचा होजपाइप बदलला, क्लिपा आवळून घेतल्या, तरी तेच. आता गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय, इंजिन उघडायला लागेल, 18 हजार. शनिवारी आईला घेऊन वाईला जायचंय. नेमकं काय करू?

स्पॅनर:
गाडी किती सालची, किती चालली, पेट्रोल की डिझेल? काहीच लिहिलं नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? घालता ते तयार कूलंट की नळाचं पाणी?

कर्वेनगरकर:
पेट्रोल, छोटी हॅचबॅक, 2008, 1 लाख 40 हजार किमी. हिरवं कूलंट, दोनदा घाईत पाणी घातलं. धूर नाही. तापमानाचा काटा मध्यावर असतो, परवा चांदणी चौकाच्या चढावर जरा वर गेला होता.

घाटमाथा:
दोन चमचे हळद टाका रेडिएटरमध्ये. वडील ट्रक चालवायचे, तेव्हापासूनचा उपाय. खंबाटकीत माझा रेडिएटर गळायला लागला, हळद टाकून साताऱ्यापर्यंत आरामात गेलो.

स्पॅनर:
घाटमाथा, रस्त्यात अडकल्यावर ठीक आहे. घरी उभ्या गाडीत हळद कशाला? भोक बुजेल तशा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतील आणि चढावर गाडी उकळेल.

घाटमाथा:
माझी गाडी त्यानंतर चार वर्षं चालली. अनुभव आहे म्हणून सांगतोय.

सहकारनगर:
हेड गॅस्केटच आहे. माझंही असंच सुरू झालं होतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर आहे का बघा, कूलंट ऑइलमध्ये मिसळलं की तो येतो.

कर्वेनगरकर:
आत्ता बघून आलो. आहे हो थोडासा! म्हणजे गॅरेजवाला बरोबर?

स्पॅनर:
घाई नको. रोज किती चालते गाडी?

कर्वेनगरकर:
डेक्कनपर्यंत ऑफिसला. जाऊन-येऊन आठ किमी.

स्पॅनर:
मग पावसाळ्यात तो थर येणारच. इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ झाकणाला धरते. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून बघा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल तर एवढ्यावरून इंजिन उघडू देऊ नका. सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. सतत बुडबुडे आले तर गॅस्केटचा संशय खरा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, तोंडावर उडेल. आणि प्रेशर टेस्ट करून घ्या: थंड इंजिनला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात. साधारण 0.9 किंवा 1.1 बार असतो. पंपाचा काटा उतरला की कुठेतरी गळतंय.

पेठेतला:
2008 ची म्हणजे 15 वर्षं उलटली. आरटीओत फेरनोंदणी केलीत का? पाच वर्षांसाठी मिळते, पर्यावरण करही भरावा लागतो. रेडिएटर लागला तर नाना पेठेत फिरा, जुन्या गाड्यांचेही मिळतात.

कर्वेनगरकर:
नोंदणी झाली आहे, तो प्रश्नच नाही. डिपस्टिक स्वच्छ आहे. बुडबुडे उद्या बघतो.

आजोळ:
काच आतून धूसर होते का? एसी लावला की गोडसर वास?

कर्वेनगरकर:
हो, रोज सकाळी. पण पावसात सगळ्यांच्याच काचा धुरकट होतात ना? वास बायको म्हणते येतो, मला कळत नाही. डावीकडचं मॅटही ओलं असतं, पण पावसात आई ओल्या चपलांनी बसते.

आजोळ:
हे आधी सांगायचं होतं! मॅट उचला, खालच्या गालिच्यावर पांढरा टिश्यू दाबा.

कर्वेनगरकर:
दाबला. टिश्यू फिकट हिरवा झाला. बोटांना तेलकट, चिकट लागतंय. पावसाचं पाणी नाही हे.

आजोळ:
हीटरची कॉइल गळते आहे, डॅशबोर्डच्या मागे. तिच्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं. म्हणून खाली थेंब नाही, सगळं गालिचा पितोय. आमच्या गाडीत तीन महिने हेच चाललं होतं. कॉइल बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तोवर इंजिनकडून हीटरला जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून घ्या. पुण्यात हीटर लागतो कधी? काचेला एसी पुरतो.

स्पॅनर:
अगदी बरोबर. मी इंजिनमध्येच शोधत बसलो. फक्त पाइपांना बूच मारू देऊ नका, जोडूनच घ्या. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बंद असताना कूलंट याच वाटेने फिरतं. आणि गालिचा धुवा, कूलंट विषारी असतं. गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात.

कर्वेनगरकर:
बुडबुडे नाहीत. पाइप जोडून घेतले, दीड तास लागला. आता वाईला न्यायला हरकत नाही ना?

स्पॅनर:
आधी कूलंटच्या पाइपांत शिरलेली हवा काढा. झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू करा, पातळी खाली जाईल तसं कूलंट घालत राहा. खालचा होज गरम झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. शुक्रवारी खेड शिवापूरपर्यंत जाऊन या आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघा. तेवढीच राहिली तर आईला घेऊन खुशाल जा.