मदत हवी आहे: मेलेला ड्रॅगन उठू द्यायचा नाही, पण शाप टिकत नाहीये (डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवरचा कथेचा खेळ)

फुटका_फासा:
शनिवारी सेशन आहे, जरा लवकर सांगा. खेळ चालवणारा (डीएम) मीच. माझ्या जगात देवीचा शाप आहे, मेलेला ड्रॅगन परत उठत नाही. पार्टीला (खेळाडूंच्या टोळीला) नेमका एक सोनेरी ड्रॅगन उठवायचाय. क्लेरिक (टोळीतली पुजारीण) म्हणते, आधी रिमूव्ह कर्स (शाप काढायचा स्पेल, म्हणजे मंत्र) मारते, मग उठवते. तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलने देवीचा शाप निघाला तर सगळं कॅम्पेन पाण्यात. काय करू?

पोटमाळा:
आवृत्ती कुठली? पार्टीची लेव्हल? ड्रॅगन कधी मेला, कशाने? म्हातारपणाने गेला असेल तर शापाची गरजच नाही, तसाही कुठलाच स्पेल त्याला उठवत नाही.

हुप्प्या:
त्याला सरळ ड्रॅकोलिच (मेल्यावरही चालताफिरता ड्रॅगन) करा. अनडेडवर (असल्या चालत्या मढ्यांवर) रिझरेक्शन (मेलेल्याला उठवायचा स्पेल) चालत नाही. विषय संपला.

पोटमाळा:
विषय शापाचा आहे हो. तुमचा ड्रॅकोलिच दर धाग्यावर उगवतो.

फुटका_फासा:
पाचवी, २०१४ची. लेव्हल १३. मरून ४० दिवस झाले, खून झाला. देवी टियामॅट, दुष्ट ड्रॅगनांची राणी.

मीठभाकर:
मग रेज डेड (उठवायचा लहान स्पेल) बाद, त्याची मुदत मेल्यापासून १० दिवस. ती रिझरेक्शनच लावणार: सातवी लेव्हल, एक तासाचा विधी, १००० सोन्याच्या नाण्यांचा हिरा, १०० वर्षांपर्यंतचं प्रेत चालतं. पण त्याच स्पेलमध्ये अट आहे, आत्मा मोकळा आणि राजी हवा. तुझी कडी तिथे घाल.

आता रिमूव्ह कर्स. तो हात लावलेल्या प्राण्यावरचे किंवा वस्तूवरचे शाप काढतो, आणि प्रेत नियमाने वस्तूच. शाप देहावर ठेवलास तर क्लेरिकचं बरोबर आहे, एका स्पर्शात गेला. शापाने आत्मा अडकवून ठेवला असेल तर प्रेत कितीही चाचपू दे. ग्रेटर रिस्टोरेशनला (तोही शाप काढतो) जिवंत प्राणी लागतो, तेही प्रेतावर बसत नाही.

हुप्प्या:
टियामॅट स्वतःच अव्हर्नसमध्ये (नरकाच्या पहिल्या थरात) कैद आहे, ती दुसऱ्याला काय कोंडणार? सोनेरी ड्रॅगन तर बहामूटच्या, म्हणजे चांगल्या ड्रॅगनांच्या देवाच्या, गोटातले.

मीठभाकर:
तिच्या तावडीत आत्मा आला कसा, हीच पुढची मोहीम होऊ शकते की.

गंजकी_तलवार:
विश (हवं ते मागायचा सगळ्यात मोठा स्पेल) दुसऱ्या स्पेलची नक्कल सोडून इतर कशासाठी वापरला तर ३३ टक्के शक्यता की पुन्हा कधीच विश टाकता येणार नाही. शिवाय स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) ३ वर येते, २ ते ८ दिवस.

पोटमाळा:
लेव्हल १३ला विश कुठून आणणार? खरी गळती वेगळीच आहे: डिव्हाइन इंटरव्हेन्शन, म्हणजे क्लेरिकने आपल्या देवाला मारलेली हाक. क्लेरिकने शंभरी फाशावर १३ किंवा कमी टाकलं तर देव धावून येतो, आणि काय करायचं ते डीएमच ठरवतो. देव आत्मा सोडवत नाही, तो कुठे कोंडलाय ते दाखवतो, असं आधीच लिहून ठेव. ऐन वेळी सुचत नाही.

कचाचा_भाऊ:
अवांतर: आपल्याकडे हे आधीच झालंय. देवयानीने कचाला शाप दिला, तुझी संजीवनी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणाला, ठीक, मी जिला शिकवीन तिला फळेल... म्हणजे ज्याला शिकवीन त्याला. शाप शब्दाला बांधलेला, पळवाटही शब्दातच. तुझा शाप नक्की कुठल्या शब्दांत आहे, फासेराव?

फुटका_फासा:
शब्द असे नाहीत. "ड्रॅगन उठणार नाहीत" एवढंच.

मीठभाकर:
मग लिही. "माझ्या दारातून आत आलेला ड्रॅगन, मी हाकलल्याशिवाय बाहेर जाणार नाही." आता तिला चिडवून हाकलायला लावायचं, पार्टीला काम मिळालं. आणि हे वाक्य त्यांना कळायला स्पीक विथ डेड (प्रेताला प्रश्न विचारायचा स्पेल) वापर. त्यात आत्मा परत येत नाही, त्यामुळे शाप आड येत नाही. पाच प्रश्न, पुन्हा विचारायचं तर १० दिवस थांबायचं. फक्त प्रेताला तोंड लागतं.

फुटका_फासा:
अरे हो, डोकं नाहीये. दातांना भाव चांगला होता म्हणून पार्टीनेच मागच्या गावात विकलं.

पोटमाळा:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं!!

मीठभाकर:
रिझरेक्शनला अडत नाही, हरवलेले अवयव परत येतात. पण आत्मा राजी हवा म्हणालो ना. ज्यांनी डोकं विकलं त्यांच्या हाकेला तो येईल का, ते आधी ठरव. कदाचित शापाची गरजच पडणार नाही.