जुनं नाशिक आणि पंचवटी एका दिवसात पायी: क्रम कसा लावावा?

डोंबिवलीकर
बुधवारी सकाळी साडेसहाला नाशिकरोडला उतरणार. सोबत आई आहे, वय 68, गुडघे दुखतात. काळाराम, रामकुंड, सरकारवाडा, भांडी बाजार बघायचंय आणि खायचंय. आधी गाव की आधी पंचवटी? मिसळीशिवाय जुन्या गावात काय चांगलं मिळतं?

गंगाघाट
आधी पंचवटी. देवळं पहाटेच उघडतात, गावातली दुकानं मात्र दहानंतर. सात वाजता भांडी बाजारात गेलात तर नुसती शटरं दिसतील.

नाशिकरोडहून निमाणीची (पंचवटीतला बसस्टँड) सिटीलिंक बस किंवा रिक्षा घ्या. चालायला काळारामापासून सुरुवात करा, म्हणजे पुढे गंगेपर्यंत (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) सगळा उतार. रामकुंडाकडून वर चढत आलात तर आईंचे गुडघे तिथेच संपतील. सीतागुंफेत त्यांना नेऊ नका. जिना अरुंद, छत बुटकं, वाकून जावं लागतं आणि मागून रांग ढकलत असते. कपालेश्वरालाही बऱ्याच पायऱ्या आहेत. तुम्ही वर जा, इथे शंकरासमोर नंदी नाही हे बघून या.

काळाराम सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलं, दगड रामशेजचा. घाईने दर्शन घेऊन निघू नका, भोवतालच्या ओवऱ्यांतून एक फेरी मारा. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच दारांपुढे सुरू झाला. तो पुढे पाचेक वर्षं चालला.

खाली घाटावर नारोशंकर चुकवू नका. देऊळ 1747 चं. वरची मोठी घंटा पोर्तुगीज आहे, 1739 च्या वसईच्या विजयानंतर आलेली. रामकुंडाच्या गर्दीत लोक तिच्याखालून मान वर न करता निघून जातात.

तिवंधा_चौक
क्रम बरोबर, पण बुधवार विसरलात. त्या दिवशी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, रिक्षा पाण्यापर्यंत येत नाही. आईंना नारोशंकरावरून परत वर चालवण्यापेक्षा मालेगाव स्टँडवरून रिक्षा करून होळकर पुलावरून रविवार कारंजाला सोडा. चांदीचा गणपती तिथेच. पुलाच्या तोंडाशी सुंदरनारायण: 1756 चं देऊळ, दगडातलं कोरीव काम काळारामापेक्षा नाजूक. (माझ्या मते गावातलं सगळ्यात सुंदर देऊळ हेच, कोणी वाद घालायचा तर घाला.)

मग मेन रोड, सराफ बाजार, सरकारवाडा, भांडी बाजार. सरकारवाडा पेशवेकालीन आहे. आत जाता आलं नाही तरी बाहेरून वेळ द्या. इतिहासाची आवड असेल तर तीळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारतची, म्हणजे सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेची, जागा आहे. गल्ल्या टेकांवर चढतात-उतरतात, चपला घट्ट हव्यात.

खाण्याचं: मिसळ नऊच्या आत. उशिरा गेलात तर रस्सा आटून खारट लागतो. तर्री वेगळी मागा, आधी कोरडी मिसळ चाखा, मग ओता. मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा. कढईतून काढतानाच घ्या, थंड झाला की बाहेरून चिवट आणि आत तेलकट. तिवंध्याला बुधा हलवाईची जिलेबी. पाव किलो दोघांना पुरते. डबीत बंद करून डोंबिवलीला नेऊ नका, वाफेने मऊ पडते. न्यायला चिवडा बरा.

कुलवृत्तांत
रामकुंडावर तीर्थपुरोहितांच्या वह्यांत घराण्याची नावं शोधायची असतील तर मूळ गाव, आडनाव, आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या. नुसत्या आडनावावर शोध लागत नाही. दक्षिणा आधी ठरवा, नंतर घासाघीस दोघांनाही जड जाते.

डोंबिवलीकर
आईला रविवार कारंजाला सोडायची कल्पना पटली. पावसाळ्यात आलो तर?

गंगाघाट
गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर घाट सोडून द्या. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बघा: पाणी पायाशी असेल तोवर लोक फोटो काढतात, छातीपाशी चढलं की सराफ आणि भांडी बाजारवाले माल हलवायला लागतात. शिवाय 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रिक्षावाल्याला कुठला रस्ता बंद ते आधीच विचारा.

तिवंधा_चौक
आणि रंगपंचमीला येणार असाल तर वरचं सगळं विसरा. त्या दिवशी रहाडी उघडतात, एरवी चौकात फळ्यांनी झाकलेले हौद. शनिचौकात गुलाबी रंग, आमच्याकडे तिवंध्याला पिवळा, दिल्ली दरवाज्याला केशरी. धप्पा (हौदात उडी) मारायचा तर मोबाईल, पाकीट आधी कोणाकडे तरी द्या. आईंना त्या दिवशी आणू नका, गल्लीत उभं राहायलाही जागा नसते.