खाण बंद झाल्यावर गाव कशाच्या आधारावर उभे राहते?

पाटीपुस्तक:
ब्रिटनमधील कोळसा कामगारांच्या १९८४-८५ च्या संपाविषयी मराठीत जे काही वाचायला मिळते, त्यातले बहुतेक पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि खाणकामगार संघटनेचे नेते आर्थर स्कारगिल या दोन नावांभोवती फिरते. संप मोडला, संघटना खचली आणि गोष्ट तिथेच संपते. मला त्यापुढचे जाणून घ्यायचे आहे. मार्च १९८४ मध्ये संप सुरू झाला तेव्हा या धंद्यात जवळपास दोन लाख माणसे होती, आणि १८ डिसेंबर २०१५ रोजी यॉर्कशायरमधील केलिंग्ली ही शेवटची खोल खाण बंद झाली. म्हणजे एका माणसाच्या नोकरीच्या हयातीत अख्खा धंदा नाहीसा झाला. कामगारांना सेवासमाप्तीची रक्कम मिळाली, खाणींच्या जागी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, सरकारी निधीही आला. शिवाय हे काम असे होते की आपल्या मुलाने खाणीत उतरू नये असेच अनेक बापांना वाटत असे. मग चाळीस वर्षांनंतरही ही गावे मागे का राहिली, आणि जे काम पुढच्या पिढीसाठी कोणाला नको होते ते गेल्याची हळहळ एवढी का टिकली?

दिवाबत्ती:
तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. यातली बरीच गावे आधी होती आणि मग तिथे खाण आली, असे घडलेले नाही. आधी जमिनीत विवर खोदले गेले आणि मग कामगारांसाठी एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा बांधल्या गेल्या. दुसरा मालक नाही, दुसरा धंदा नाही, आणि शेजारी राहणारा माणूस खालीही शेजारीच काम करणारा. १९२० मध्ये कायद्याने खाणकामगार कल्याण निधी स्थापन झाला आणि काढलेल्या प्रत्येक टनामागे मालकांकडून एक पेनी त्यात जमा होऊ लागली. त्यातून क्रीडांगणे, सभागृहे, वाचनालये आणि खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे उभी राहिली. न्हाणीघर ही आज किरकोळ वाटणारी बाब आहे. परंतु ते येईपर्यंत काळाठिक्कर पडलेला माणूस घरी येत असे आणि पाणी तापवणे, पाठ घासणे, कपडे झटकणे हे सगळे घरातल्या बाईच्या वाट्याला येत असे. घरात बाप आणि दोन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांत असतील तर तिचा दिवस कसा जात असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणखी एक वस्तू सांगण्यासारखी आहे. प्रत्येक कामगाराच्या नावावर क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला असे. दिवे ठेवण्याच्या खोलीतले बिल्ले पाहिले की आत्ता खाली कोण आहे हे कळत असे, आणि अपघात झाल्यावर सर्वांत आधी तेच पाहिले जाई. ज्या गावात प्रत्येक घराचा एक क्रमांक त्या खोलीत आहे, त्या गावाचे एकमेकांशी असलेले नाते नुसते पगाराचे नसते. इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅममध्ये १८७१ पासून खाणकामगारांचा मेळावा भरतो. ब्रास बँड आणि प्रत्येक खाणीचे मोठे रेशमी निशाण घेऊन लोक शहरातून मिरवत जातात, आणि ज्या खाणीत त्या वर्षी मृत्यू झाला असेल तिच्या निशाणावर काळे वस्त्र घालण्याची प्रथा होती. १९९३ नंतर डरहॅमच्या खाणपट्ट्यात एकही खोल खाण उरली नाही. मेळावा मात्र अजून भरतो. हळहळ आहे ती या सगळ्याची, कोळशाची नव्हे.

उलटतपासणी:
दिवाबत्ती यांचा प्रतिसाद सुंदर आहे, पण त्यावरून सगळे १९८४ नंतरच बिघडले असा समज होऊ शकतो. १ जानेवारी १९४७ रोजी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा साडेनऊशेच्या आसपास खाणी आणि सुमारे सात लाख कामगार होते; संपाच्या वेळी पावणेदोनशेच्या घरात खाणी उरल्या होत्या. म्हणजे बहुसंख्य खाणी त्याआधीच बंद झाल्या, आणि १९६० च्या दशकात मजूर पक्षाच्या हॅरोल्ड विल्सन यांच्या कारकिर्दीत जितक्या झाल्या तितक्या थॅचर यांच्याही काळात झाल्या नाहीत. डरहॅमच्या परिषदेने तर १९५१ च्या विकास आराखड्यात शंभराहून अधिक गावे 'ड' वर्गात टाकली होती. या गावांत नवी गुंतवणूक करायची नाही, नवी घरे बांधायची नाहीत आणि जुनी जसजशी मोडकळीस येतील तसतशी पाडायची, असे ते धोरण होते. ते १९७७ मध्ये सोडून देण्यात आले. गाव नकाशावरून पुसण्याचे धोरण शांतपणे, टंकलिखित कागदावर मंजूर होऊ शकते, हे मला संपातल्या चकमकींपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

तरीही त्या काळात एवढा उद्रेक झाला नाही, याचे कारण साधे आहे. तेव्हा एक खाण बंद झाली तर दुसरीत जाता येत होते. स्कॉटलंड आणि डरहॅमची कुटुंबे नॉटिंगहॅमशायरच्या खाणींवर जाऊन स्थायिक झाली, आणि ज्यांना ते नको होते त्यांना कारखाने होते. १९८० च्या दशकात देशात तीस लाखांवर बेरोजगार होते. तीच कृती, पण या वेळी दार बंद झाल्यावर दुसरे दार नव्हते.

राष्ट्रीयीकरणाचाही फार गौरव नको. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन गावावर सरकारी खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर सरकत आला आणि शाळेवर कोसळला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले होती. त्यानंतर उरलेले ढीग हलवण्यासाठी, लोकांनी दुःखात पाठवलेल्या देणग्यांच्या निधीतून दीड लाख पौंड घेण्यात आले. ज्यांच्या हलगर्जीपणामुळे मुले गेली त्यांचा राडा उचलायला मुलांच्या नावाचे पैसे! ती रक्कम १९९७ मध्ये परत केली गेली, पण तेवढीच, व्याजाविना.

जमाखर्च:
पाटीपुस्तक यांच्या पहिल्या भागाचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करतो. शेफिल्ड हॅलम विद्यापीठातील क्रिस्टिना बीटी आणि स्टीव्ह फॉदरगिल यांनी १९९० च्या दशकात खाणपट्ट्यातील रोजगाराचा ताळेबंद मांडला. एवढ्या नोकऱ्या गेल्या, तर बेरोजगारांच्या नोंदीत तेवढी वाढ दिसायला हवी होती. ती दिसली नाही. माणसे गेली कुठे? त्यातला मोठा भाग कामाच्या बाजारातूनच बाहेर पडला आणि 'कायमचा आजारी' या सदरात जमा झाला. हा लबाडीचा प्रकार होता असे कृपया समजू नका. धुळीने छाती भरलेली, कंप पावणाऱ्या यंत्रांनी बोटांची संवेदना गेलेली माणसे खाणीत हलके काम मिळवून टिकून होती. खाण गेल्यावर बाहेरचा कोणताही मालक त्यांना घेणार नव्हता. आजार आधीपासून होता, तो नोंदवण्याची वेळ फक्त आता आली.

फॉदरगिल आणि त्यांच्या इतर सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अहवालात पूर्वीच्या खाणपट्ट्यात तेव्हा साधारण ५५ लाख लोक राहत होते आणि कामाच्या वयाच्या दर १०० माणसांमागे तिथे ५० नोकऱ्या होत्या, तर देशाचे प्रमाण ६७ होते, असे दाखवले आहे. नव्या नोकऱ्या आल्या हे खरे, पण त्यांत गोदामे आणि दूरध्वनी सेवा केंद्रे बरीच, आणि महामार्गाजवळच्या जागांना प्राधान्य. दरीच्या टोकाला असलेल्या वेल्श गावाला त्याचा काय उपयोग?

सेवासमाप्तीच्या रकमेबद्दलही एक गैरसमज आहे. ती रक्कम माणसाला मिळते, त्याच्या जागेला नाही. त्या जागेवर पुढे त्याच्या मुलाला मिळणारी उमेदवारी त्या धनादेशाबरोबरच विकली जाते. अपवाद म्हणून वेल्समधील टॉवर खाणीचे उदाहरण जरूर वाचा: १९९४ मध्ये ती बंद झाल्यावर २३९ कामगारांनी प्रत्येकी ८,००० पौंड घालून ती विकत घेतली आणि १९९५ पासून २००८ पर्यंत, कोळसा संपत येईपर्यंत, चालवली. 'फायदेशीर नाही' हा शब्द किती जपून वापरावा, हे त्यावरून कळते.

नकाशा:
जर्मनीच्या रुर खोऱ्याशी तुलना केल्याशिवाय ही चर्चा अपुरी राहील. तिथे १९६८ मध्ये बहुतेक खाणी एका कंपनीखाली आणल्या गेल्या आणि संघटना, सरकार आणि मालक यांनी मिळून पन्नास वर्षे घेऊन त्या बंद केल्या. वयस्कांना लवकर निवृत्ती, तरुणांना दुसरे शिक्षण. २००७ मध्ये अनुदान संपवण्याची तारीख ठरली आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोपमधील शेवटची खाण बंद झाली. ज्या भागात तेव्हा एकही विद्यापीठ नव्हते तिथे १९६५ मध्ये बोखुमचे विद्यापीठ सुरू झाले.

मात्र हे अनुदान प्रचंड होते, आणि एवढे करूनही गेल्सेनकिर्शेन हे आजही देशातील सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांत मोडते. त्यामुळे तिथे सगळे साधले असे मी म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी मान्य केली. खाणीमुळे रुरची जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे आणि पंप थांबवले तर वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. म्हणून हे पंपिंग कधीच न संपणारे काम मानून त्याच्या खर्चासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले गेले. पाण्याला ही तरतूद आहे. उलटतपासणी यांनी सांगितलेल्या 'ड' वर्गातल्या माणसांना ती नव्हती.

पाटीपुस्तक:
सर्वांचे आभार. जमाखर्च यांना एक पुरवणी प्रश्न: निवृत्तिवेतनाचे काय झाले? ते तरी सुरक्षित राहिले का?

जमाखर्च:
मिळत राहिले, पण तिथेही वाद झाला. १९९४ मध्ये खासगीकरण होताना सरकारने खाणकामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेला हमी दिली आणि बदल्यात शिलकीचा निम्मा वाटा स्वतःकडे घेतला. योजनेची गुंतवणूक चांगली फळली, आणि २०२१ मध्ये संसदेच्या समितीने नोंदवले की सरकारला यातून ४.४ अब्ज पौंड मिळाले, तर हमीपोटी त्याला काहीच घालावे लागले नव्हते. अखेर २०२४ च्या अर्थसंकल्पात राखीव निधीतले दीड अब्ज पौंड कामगारांकडे वळवण्याचा निर्णय झाला आणि एक लाखाहून अधिक लोकांचे निवृत्तिवेतन ३२ टक्क्यांनी वाढले. संपात उतरलेल्या सर्वांत तरुण माणसाने तोवर साठी गाठलेली होती किंवा तो तिच्या जवळ होता. त्याच्याबरोबर खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली उतरणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी ही वाढ हातात पडायला किती जण उरले होते, हे त्या गावांतल्या लोकांना विचारावे लागेल.