मदत हवी आहे: ट्रॅक्टरमागचे जुने सिलिंडर मोवर (गवत कापायची यंत्रं) दुरुस्त करावेत की विकून दुसरं काही घ्यावं?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या एका खेड्याच्या क्रिकेट क्लबात मी मैदानाचं काम बघतो. पगार नाही, लष्कराच्या भाकऱ्या आहेत. पिच आणि स्क्वेअरसाठी (मधला पिचांचा चौकोन) वेगळा छोटा मोवर आहे, त्याची तक्रार नाही. अडचण आउटफील्डची आहे. साधारण तीन एकर गवत आणि ते कापायला रॅन्सम्सचा तीन युनिटांचा जुना गँग मोवर. एकेक सिलिंडर ३० इंची, तिन्ही मिळून सात फुटांचा पट्टा निघतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: याला इंजिन नाही, पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा फिरता दांडा) नाही, हायड्रॉलिक नाही. ट्रॅक्टर ओढतो, युनिटची चाकं फिरतात आणि चाकांवरून गिअरने सिलिंडर फिरतो. सिलिंडरची पाती खालच्या स्थिर पात्याला जेमतेम चाटून जातात आणि मध्ये सापडलेलं गवत कातरलं जातं. गावाकडची कडबाकुट्टी डोळ्यासमोर आणा, तत्त्व तेच.

गेल्या हंगामात ऑगस्टपासून रडगाणं सुरू झालं. मधलं युनिट बरं कापतं. डावं युनिट एका बाजूला कापतं, दुसऱ्या बाजूला नुसतं गवत झोपवतं. उजव्याच्या मागे बारीक लाटा दिसतात, पत्र्याच्या छपरासारख्या. दव असलं की चाकं घसरतात आणि सिलिंडर थांबतो. शिवाय राय गवताचे तुरे तिन्ही युनिटं वाकवून पुढे जातात, ते मागे ताठ उभे!

धार लावणाऱ्याने युनिटमागे दीडशे पौंड सांगितले. खालची पाती आणि बेअरिंगं वेगळी. म्हणजे सगळं धरून सात-आठशे पौंडांच्या घरात. कमिटीत तीन तट आहेत. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, रॅन्सम्स म्हणजे आपल्या इप्सविचचं यंत्र, विकायचं नाव काढू नका. कंपनी १८३२ पासून मोवर बनवते हे मला दर मीटिंगला ऐकावं लागतं. खजिनदार म्हणतात, ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा दीड मीटरचा रोटरी फिनिशिंग मोवर घ्या, म्हणजे आडवी पाती वेगाने फिरवून कापणारा. नवा दोन हजारांच्या आसपास मिळतोय. तिसरा तट जुन्या राइड-ऑन ट्रिपलवर (वर बसून चालवायचा तीन सिलिंडरांचा मोवर) डोळा ठेवून आहे. आम्ही पाहिलेले सगळे पाच हजारांच्या वर होते. एकाने रोबोचाही विषय काढला. शनिवारी सामना, रविवारी मुलांचं कोचिंग, संध्याकाळी कुत्री फिरवणारं अख्खं गाव. त्यात तो कुठे बसवायचा?

ट्रॅक्टर ठीक आहे, मॅसी फर्ग्युसन १३५, रुंद टर्फ टायरवर. कापणी आठवड्यातून एकदा होते, पाऊस लागला तर दहा-बारा दिवसांनी. माणसं मिळत नाहीत हो.

सांगा, दुरुस्तीत पैसे घालावेत का? आणि घालायचे तर आधी काय तपासावं?

प्रतिसाद १

दादा, धारवाल्याला फोन करण्याआधी स्वतः अर्धा तास द्या. मी गोल्फ कोर्सच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, त्यामुळे असली युनिटं रोज हाताखालून जातात.

सगळ्यात आधी बेअरिंग. युनिट लाकडी ठोकळ्यांवर घ्या, जाड हातमोजे घाला आणि सिलिंडर टोकाशी धरून वर-खाली हलवून बघा. खटखट जाणवली तर धार लावून काहीही उपयोग नाही, दोन फेऱ्यांत पुन्हा जैसे थे. मग कागद. वर्तमानपत्राची पट्टी दोन पात्यांमध्ये धरा आणि सिलिंडर लाकडी दांडक्याने फिरवा, बोटांनी अजिबात नाही. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, तिन्ही जागी कागद कात्रीसारखा कापला गेला पाहिजे. तुमचं डावं युनिट एका टोकाला पास होईल आणि दुसऱ्या टोकाला नापास, हे मी इथूनच सांगतो. बहुधा वर्षानुवर्षं पात्यांमधलं अंतर जुळवायचा एकाच टोकाचा स्क्रू आवळत आलेत आणि सिलिंडर शंकूसारखा झिजलाय. कॅलिपर दोन्ही टोकांना लावा, कळेल. शंकू झालेला सिलिंडर ग्राइंडरवरच सरळ होतो. कार्बोरंडमची पेस्ट लावून, चाकांपासून सोडवून ड्रिलने उलटा फिरवायचा उपाय फक्त किंचित बोथट धारेला चालतो.

लाटांबद्दल एक. "ट्रॅक्टर सावकाश हाका, गवत जास्त वेळा कापलं जाईल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुमचा सिलिंडर चाकांवर फिरतो. ट्रॅक्टर हळू तर सिलिंडरही हळू, मीटरमागे काप तेवढेच. सावकाश गेल्याने फायदा होतो तो युनिट उड्या मारत नाही म्हणून. तरीही लाटा राहिल्या तर त्या युनिटची पाती मोजा. चार पात्यांचा सिलिंडर उंच गवतासाठी असतो, आउटफील्डच्या १२-१५ मिमी उंचीला किमान सहा हवीत. जुन्या गँगमध्ये कुणीतरी कधीतरी भलतंच युनिट जोडून ठेवलेलं मी पाहिलंय.

चाकांतल्या रॅचेटच्या खिट्ट्याही बघा. झिजल्या असतील तर चाक फिरतं आणि सिलिंडर थांबतो. सगळा दोष दवाचा नसेल.

प्रतिसाद २

यंत्राची तपासणी बरोबर आहे, पण मला प्रश्न वेगळाच वाटतो. सिलिंडर मोवरला आठवड्यातून दोनदा कापणी लागते. मे महिन्यात गवत दहा दिवस सोडलं की ते सिलिंडरच्या आवाक्याबाहेर जातं, मग धार कितीही असो. वाढलेले तुरे सिलिंडर ढकलतोच, ते कापायला रोटरीचा वेगच लागतो. माणसं मिळत नसतील तर आठशे पौंड घालूनही जूनमध्ये हाच धागा पुन्हा वर येईल.

माझं मत रोटरीकडे झुकतं. मागे पूर्ण रुंदीचा रोलर असलेला घ्या, पट्टेही दिसतात. पाती बोथट झाली की गवताची टोकं फाटून पिवळी पडतात, पण ती पाती घरच्या ग्राइंडरवर धार लावून होतात. वेळ मात्र जास्त जाईल. सात फुटांऐवजी पाच फुटांचा पट्टा, शिवाय वेगही कमी, म्हणजे आत्ता तास लागत असेल तर पावणेदोन-दोन तास धरून चाला.

जुना राइड-ऑन ट्रिपल घेणार असाल तर हायड्रॉलिक तेलाचे होसपाइप एकेक करून बघा. भर हंगामात एक फुटला की गरम तेलाची रेघ मैदानभर उमटते आणि तिथलं गवत मरतं. तुमच्या ओढायच्या गँगला तेवढं एक भय नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल दुपारी तपासलं. डाव्या सिलिंडरच्या दोन टोकांत चार मिमीचा फरक निघाला. उजव्याला खरंच चार पाती आहेत, बाकीच्या दोघांना सहा! एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मधल्याची बेअरिंगं घट्ट आहेत, डाव्याची ढिली.

दोनदा कापणीचा मुद्दा मात्र वर्मी बसला. कमिटीत विचारलं तेव्हा मे-जूनमध्ये मधल्या वारी संध्याकाळी ट्रॅक्टर चालवायला दोघे तयार झाले, एक तर निवृत्त शेतकरीच आहे. तेव्हा सध्या असं ठरतंय: डाव्या युनिटला नवी बेअरिंगं आणि ग्राइंडिंग, उजव्याच्या जागी सहा पात्यांचं जुनं युनिट शोधायचं. तुऱ्यांसाठी शेजारच्या शेतकऱ्याचा रोटरी टॉपर (उंच गवत छाटायचं यंत्र) जूनमध्ये एक-दोनदा मागून आणायचा. जूनअखेर त्या दोघांचा उत्साह मावळला तर खजिनदारांचं म्हणणं मान्य, असं मिनिट्समध्ये लिहून घेतलंय.

एक राहिलं. दोन वेगवेगळ्या काळातली युनिटं एकाच फ्रेमला जोडली तर कापाची उंची जुळवताना काय बघायचं? उंची ठरवणाऱ्या मागच्या रोलरची खूण प्रत्येकाची वेगळी आहे.

प्रतिसाद १

खुणांवर जाऊ नका. सपाट लोखंडी पट्टी पुढच्या चाकांखालून मागच्या रोलरपर्यंत लावा आणि तिथून खालच्या पात्याच्या धारेपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही टोकांना. तिन्ही युनिटांचं ते एकच यायला हवं. टायर हवेचे असतील तर आधी हवा सारखी करा.