मदत हवी आहे : नांदेड ते चिकलठाणा, विमानाने किती वेळ?

नातीच्या शाळेतील प्रकल्पासाठी नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा या दोन विमानतळांमधील अंतर काढत आहोत. परभणी-जालन्यावरून वळसे घेणारा रेल्वेमार्ग बाजूला ठेवून नकाशावर दोरा ताणला (तो दोनदा निसटला), तेव्हा हवाई अंतर सुमारे २१५ किलोमीटर भरले. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला त्यासाठी २६ मिनिटे पुरावीत. परंतु उड्डाणानंतर उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे आणि धावपट्टीच्या दिशेने वळणे यांत आणखी किती मिनिटे धरावीत? नांदेड-हैदराबाद हे अंतरही जवळपास तेवढेच, साधारण २४५ किलोमीटर असल्याने, तो विमानप्रवास केलेल्यांनी चाके सुटल्यापासून टेकेपर्यंतचा घड्याळी वेळ कृपया कळवावा.