अनुभव धागा: व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन कोल्हापुरात फिरताना

पक्षाघातानंतर माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर आहेत. दवाखाना सोडून कुठं न्यायचं म्हटलं की घरातलेच कच खातात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. "तिथं व्हीलचेअर जाते" एवढ्यानं भागत नाही. दारात पायऱ्या किती, संडासाच्या दारातून खुर्ची आत जाते का, हे आधी फोन करून विचारावं लागतं. तुमचे अनुभव लिहा, बारकाव्यासकट.

माझ्यापासून सुरुवात करते. रंकाळ्याला आम्ही सकाळीच जातो. संध्याकाळी भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी होते आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला तलावाऐवजी लोकांच्या पाठीच दिसतात. सकाळी मात्र त्या तासभर पाण्याकडे बघत बसतात, घरी चला म्हटलं तरी ऐकत नाहीत.

राजारामपुरीतून
रिक्षात बसवायचं तंत्र सांगतो. खुर्ची रिक्षाला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलायच्या, मगच आईला उठवायचं. दंड धरून कधीच ओढू नका. लुळ्या पडलेल्या बाजूचा खांदा सांध्यातून सरकू शकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून त्याला धरलेलं बरं. आमच्या कोपऱ्यावरचे रिक्षावाले मामा आता स्वतःच खाली उतरतात. "आज्जी, माझ्या खांद्याला धरा, काय गडबड नाय," म्हणतात, आणि घडी केलेली खुर्ची मागं नीट बांधतात. त्यांचा नंबर घरात सगळ्यांकडे आहे.

कसबा बावड्यातून
वडिलांना तपासणीसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला नेतो. साध्या डब्यातल्या चिंचोळ्या वाटेतून खुर्ची जात नाही, त्यामुळं दारापासून बर्थपर्यंत दोघांनी उचलावं लागतं. एकानं मागून काखेत हात घालायचे, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधीच काढून ठेवा.

शाहूपुरीतून
एका मंगल कार्यालयानं फोनवर "रॅम्प आहे" म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात तो इतका उभा की खुर्ची मागं घसरायला लागली. नियमानं एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. आता मी लांबीसुद्धा विचारते. उतरताना खुर्ची उलटी फिरवा, आपण खालच्या बाजूला राहून हळूहळू मागं सरका. सरळ उतरवली तर माणूस पुढं झुकून पडायची भीती असते.

मंगळवार पेठेतून
मी स्वतः खुर्चीवर असते. महाद्वार रोडला साडी घ्यायला गेले की दुकानदार वहिनीला विचारतात, "ह्यांना कुठला रंग आवडतो?" वहिनी सरळ सांगते, "त्यांनाच विचारा की." सोबत असणाऱ्यांनी असंच करावं. आणि गर्दीत न सांगता मागून खुर्ची ढकलू नका, फार दचकायला होतं.

उचगावातून
चैत्र यात्रेची गर्दी सोडून एरवी जोतिबाला कुणी खुर्ची नेली आहे का? पायऱ्यांचं कसं केलंत, किती माणसं लागली? आईची जायची फार इच्छा आहे.