‘सूचित संमती’ हा शब्द बरोबर आहे का?

मिरजकर : वैद्यकीय संशोधनाच्या मराठी फॉर्मवर ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’साठी, म्हणजे सगळी माहिती घेऊन दिलेल्या होकारासाठी, ‘सूचित संमती’ छापलेलं असतं. हिंदीतल्या ‘सूचित सहमति’ची ही नक्कल. मराठीत ‘सूचित’ म्हणजे सुचवलेलं. म्हणजे डॉक्टरांनी सुचवलं आणि पेशंटनं मान डोलावली! दुसरा शब्द कोणता?

कराडकर : ‘माहितीपूर्वक संमती’. ‘माहितीपूर्ण’ नको, तो लेखाला शोभतो. आधी माहिती, मग होकार, हा क्रम ‘पूर्वक’मध्ये येतो. मुलांसाठी मात्र वेगळा शब्द लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या सहीबरोबरच मुलाचंही मत घ्यायचं असतं : ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. त्याला ‘अनुमती’ म्हणू नये, अनुमती वरचा माणूस खालच्याला देतो. साधा ‘होकार’ बरा.

सांगलीकर : कुणाला कोणतं औषध मिळणार हे नशिबावर सोडायचं, त्याला फॉर्मवर ‘यादृच्छिक विभागणी’ म्हणतात. ती कुणाला कळते? ‘चिठ्ठी टाकून’ लिहा. पण आपल्याकडे भिशीचीही चिठ्ठीच निघते, आणि तिथं नाव निघालं की पैसे हातात. त्यामुळे नव्या औषधाच्या गटात गेलेल्याला ‘नंबर लागला’ वाटतं, दुसऱ्याला डावलल्यासारखं. म्हणून लगेच पुढचं वाक्य हवं : ‘दोन्हींतलं कोणतं औषध बरं, हे अजून ठरलेलं नाही, म्हणूनच चिठ्ठी.’

विटेकर : मराठी फॉर्म तपासायला तो परत इंग्रजीत आणतात, त्या उलट भाषांतरात या चुका सापडत नाहीत. ‘सूचित’ वाचून भाषांतरकार सवयीनं ‘इन्फॉर्म्ड’च लिहितो आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता कमिटीला सगळं जुळलेलं दिसतं. त्यापेक्षा गावातल्या पाच-सहा जणांना फॉर्म वाचून दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, ‘हो’च येणार. ‘संशोधन मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार बंद होतील का?’ असं विचारा. ‘होतील की’ म्हणाले, तर वाक्य बदला. वाचता येत नसेल तर अंगठ्याशेजारी त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. संशोधनाच्या टीममधला माणूस चालत नाही.

मिरजकर : आणि ज्याच्यावर संशोधन होतं त्या ‘सब्जेक्ट’ला ‘रुग्ण’ म्हणायचं का?

कराडकर : ‘सहभागी’. त्यात निरोगी माणसंही असतात. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही २०२४ च्या सुधारणेत ‘सब्जेक्ट’ जाऊन ‘पार्टिसिपंट’ आलं. पुढची डोकेदुखी आहे ‘ब्रॉड कन्सेंट’. आज साठवलेल्या रक्तावर उद्या कोणतं संशोधन होईल, ते आज सांगता येत नाही. ‘व्यापक संमती’ म्हणजे कोरा चेक वाटतो.

विटेकर : मग एका शब्दात कोंबूच नका. ‘नमुना साठवून ठेवण्यास संमती’ लिहा आणि खाली तीन चौकोन द्या : याच आजारासाठी, कोणत्याही आजारासाठी, दर वेळी मला विचारून.